गाठ केवढी, एवढंच पाहून चालणार नाही

फुप्फुसातली गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आहे ना, मग घाबरायचं कारण नाही, असं एक मत. कर्करोग तो कर्करोग, फुप्फुसाचा अख्खा खंडच काढावा, असं दुसरं. मला दोन्ही अमान्य आहेत. दोघंही गाठीचं माप पाहतात, पोत पाहत नाहीत.

सीटी स्कॅनवर काही गाठी धूसर काचेसारख्या दिसतात. त्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या ओळखू येतात. तिथे कर्कपेशी बहुधा वायुकोशांच्या भिंतींवरच पसरलेल्या असतात. भरीव भाग वाढला, की त्या आत घुसल्याची शक्यता वाढते. दीड सेंटिमीटरच्या धूसर आणि भरीव गाठींचं भवितव्य म्हणूनच एक नसतं. काटेरी कडांची भरीव गाठ लहान असूनही लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेली असू शकते. तिथे ‘लहान आहे’ हा दिलासा घातक आहे.

खंडवादी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीचा दाखला देतात. कमी कापलं तर त्याच जागी रोग उलटण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट होतं, हे खरं. पण त्या गाठी तीन सेंटिमीटरपर्यंतच्या होत्या आणि धूसर-भरीव हा भेद त्या चाचणीत नव्हताच. जपानी शल्यविशारदांनी तो केला. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, भरीव भाग पाव हिश्शापेक्षा जास्त नसलेल्या गाठींत त्यांनी फुप्फुसाचा थोडाच भाग काढला. पाच वर्षं रोग न उलटता जगण्याचं प्रमाण ९९.७ टक्के निघालं. अशा रोग्याचा अख्खा खंड का घालवायचा?

भरीव भाग अर्ध्याहून जास्त असलेल्या गाठींवरची त्यांची १,१०६ रोग्यांची चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. खंडाचा फक्त रोगग्रस्त उपखंड काढलेल्यांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९४.३ टक्के, पूर्ण खंड काढलेल्यांत ९१.१. मात्र छातीतच रोग उलटण्याचं प्रमाण १०.५ विरुद्ध ५.४ टक्के होतं. म्हणजे भरीव गाठीबाबत खंडवाद्यांची धास्ती निराधार नाही. ती धूसर गाठींवर लादणं चूक आहे.

पूर्ण धूसर गाठीवर सुरी चालवायची घाईही नको. तशी एकच गाठ सहा मिलिमीटर किंवा मोठी असेल, तर सहा ते बारा महिन्यांनी आणि मग पाच वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी स्कॅन, असा छातीच्या रेडिओलॉजीतल्या तज्ज्ञांच्या फ्लाइश्नर सोसायटीचा २०१७चा सल्ला आहे.

कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीपासून अंशतः भरीव गाठीचा टप्पा भरीव भागाच्या मापावरूनच ठरतो. तरीही अहवालात एकच आकडा असेल, तर तो अपुरा आहे. रेडिओलॉजिस्टांनी पूर्ण गाठीचं आणि भरीव भागाचं अशी दोन्ही मापं वेगळी लिहावीत आणि रोग्यांनी शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी विचारावं : डॉक्टर, यातला भरीव भाग किती मिलिमीटर आहे?