विश्लेषण : घरचा ‘क्लाउड’ किती सुरक्षित?

गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि १५ जीबीची मर्यादा अनेकांना जाचू लागली. दरमहा पैसे भरण्यापेक्षा फोटो आणि कागदपत्रे घरच्याच सर्व्हरवर ठेवावीत, हा पर्याय त्यामुळे अनेकांना खुणावतो. मात्र सर्व्हर घरी आला की त्याच्या सुरक्षेची जबाबदारीही घरी येते.

घरचा सर्व्हर म्हणजे काय?

जुना संगणक, रास्पबेरी पाय किंवा ‘नॅस’ या उपकरणावर नेक्स्टक्लाउडसारखी मुक्त प्रणाली बसवली जाते. ही प्रणाली २०१६ मध्ये ओनक्लाउडमधून वेगळी झाली. मोबाइल आणि लॅपटॉपमधील फायली तिच्याद्वारे आपोआप सारख्या राहतात. सिंकथिंगमध्ये तर मधला सर्व्हरही लागत नाही. उपकरणे थेट एकमेकांशी बोलतात.

धोका कुठे?

जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ उपकरणांतील डेटा हल्लेखोरांनी दुरूनच पुसला. या उपकरणांना शेवटचे अपडेट २०१५ मध्ये मिळाले होते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ टोळीने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप उपकरणांतील फायली कुलूपबंद करून प्रत्येकी ०.०३ बिटकॉइन खंडणी मागितली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओनक्लाउडमधील त्रुटीमुळे काही ठिकाणी प्रशासकाचा पासवर्डच उघड होत होता. तिची तीव्रता १० पैकी १० होती आणि ती जाहीर झाल्यावर काही दिवसांतच हल्ले सुरू झाले. या घटनांतले समान सूत्र म्हणजे इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारा सर्व्हर आणि त्यातील न बुजवलेली त्रुटी.

बचाव कसा करावा?

राउटरचे पोर्ट उघडू नये, हा पहिला नियम. बाहेरून वापरण्यासाठी वायरगार्डसारखे व्हीपीएन वापरावे. भारतात अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. त्यामुळे घरच्या सर्व्हरशी थेट जोडणी होत नाही. अशा वेळी वायरगार्डवरच आधारलेले टेलस्केल उपयोगी पडते. सर्व्हर बाहेर उघडणे अटळच असेल, तर लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र, द्विस्तरीय पडताळणी आणि वेळच्या वेळी अपडेट अनिवार्य ठरतात.

सिंक म्हणजे बॅकअप का नव्हे?

मोबाइलवर चुकून पुसलेला फोटो सिंकमुळे सर्व्हरवरूनही जातो. खंडणीखोरांनी बिघडवलेली फाइलही तशीच सगळीकडे पोहोचते. म्हणून ३-२-१ हा नियम पाळावा: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. नातेवाइकांकडे ठेवलेली एन्क्रिप्टेड हार्ड डिस्कही चालेल. प्रतीतून फायली खरोखर परत मिळतात का, हेही अधूनमधून तपासावे.

मग घरचा सर्व्हर घ्यावा का?

अपडेटसाठी नियमित वेळ देणे शक्य असेल, तर जरूर घ्यावा. पण सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती आजारी पडली तर पासवर्ड कुणाकडे आहेत, हे घरात आणखी एकाला ठाऊक हवे. अन्यथा सगळे आल्बम हाताशी असूनही उघडता येणार नाहीत.