वनपिंगळा कुठे होता?

ब्रिटनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात एक पेंढा भरलेला वनपिंगळा आहे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ साली तो गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ मिळवला, अशी त्याच्या चिठ्ठीवर नोंद होती. वनपिंगळा म्हणजे आपल्या वाड्या-वस्त्यांजवळ दिसणाऱ्या ठिपकेदार पिंगळ्याचा रानातला भाऊबंद. १८७३मध्ये ॲलन ह्यूम यांनी (काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम) त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४नंतर मात्र त्याची खात्रीची नोंद कुठेच नव्हती. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून नमुने अवघे सात. त्यामुळे ही १९१४ची चिठ्ठी हाच सर्वांत अलीकडचा माग ठरला. पक्षी शोधायला निघालेली माणसे त्या चिठ्ठीमुळे भलतीकडे गेली. खुद्द सालिम अलींनाही तो सापडला नाही. पक्षी बहुधा नामशेष झाला, असे मानले जाऊ लागले.

चिठ्ठी खोटी होती. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा उलगडा झाला. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात आपल्या खानदेशात मिळवलेला पक्षी माइनर्ट्‌झहागेन यांनी संग्रहालयातून चोरला होता, नव्याने शिवला होता आणि त्याला आपल्या नावाची चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाद केल्यावर रासमुसेन जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळल्या. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या रानात, त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वनपिंगळा दिसला. सकाळची वेळ होती आणि पक्षी निष्पर्ण झाडावर उघड्यावर बसला होता.

या गोष्टीत मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की वनपिंगळा दिवसा वावरणारा पक्षी आहे. तो उन्हात बसतो, शेपटी हलवतो, सरडे टिपतो. लपून राहणे हा त्याचा स्वभावच नाही. भिल्ल आणि पावरा वस्त्यांच्या शेजारी तो इतकी वर्षे राहत होता. तो शोधणाऱ्यांना दिसायचा तर दोन गोष्टी जमून याव्या लागणार होत्या : योग्य जागी जाणे, आणि काय पाहायचे हे मनात पक्के असणे. रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने हाताळले होते. या पक्ष्याच्या डोक्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नसतात, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे असतात, पोटाचा भाग पांढरा असतो, हे त्यांना मुखोद्गत होते. एरवी त्या फांदीकडे बघून कोणीही ‘पिंगळा’ म्हणून पुढे गेला असता. एकदा खूण पटल्यावर मेळघाटात तो सापडला आणि २०१४मध्ये मुंबईला पाणी पुरवणाऱ्या पाणलोटातल्या तानसा अभयारण्यातही.

आपले पाहणे मनातल्या हेतूने किती बांधलेले असते, याचा अंगावर काटा आणणारा एक प्रयोग २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये बारीक गाठी शोधण्याचे काम २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टांना दिले होते. शेवटच्या स्कॅनमध्ये प्रयोगकर्त्यांनी गाठीच्या ४८ पट मोठे गोरिलाचे चित्र घातले होते. २० जणांना ते दिसलेच नाही. यंत्राने त्यांच्या बुबुळांची हालचाल टिपली होती. त्या २०पैकी १२ जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती! हे डॉक्टर निष्काळजी नव्हते. ते मन लावून गाठी शोधत होते, म्हणूनच गोरिला त्यांच्या जगात आला नाही. आपल्याकडच्या न्याय-वैशेषिक परंपरेने मनाला अणुएवढे मानले, ते अशाच अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी : एवढेसे मन एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. बाकीचे समोर असूनही आपल्यापर्यंत पोचत नाही.

यावरून ‘जग मनातच आहे, मनात आणाल ते मिळेल’ असे सांगणारी पुस्तके आज ढिगाने खपतात. मला ते पटत नाही आणि ते घातक वाटते. वनपिंगळा कोणाच्या इच्छेने सातपुड्यात आला नाही. शंभरहून अधिक वर्षे, कोणी पाहत नसतानाही तो तिथे पिले वाढवत होता. आपला हेतू जग निर्माण करत नाही. असलेल्या जगातले किती आपल्या पदरात पडेल, एवढे मात्र तो नक्की ठरवतो. म्हणूनच तो हेतू कुणाचा आहे, हे विचारायला हवे. एका माणसाच्या खोट्या चिठ्ठीने जाणत्या अभ्यासकांना वर्षानुवर्षे चुकीच्या रानात फिरवले. आपल्या हातातल्या फोनवर दर मिनिटाला अशी एक चिठ्ठी येते. काय पाहावे, कशावर चिडावे, कशाची हाव धरावी, हे तिच्यावर आधीच लिहिलेले असते. दिवसभर आपण पाहत असतो, पण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हेतूने.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘पाहणे’ ठेवला तो यासाठी. लेखकांना आम्ही एकच विनंती केली होती : जे तुम्ही वर्षानुवर्षे मन लावून पाहिले आहे, त्याबद्दलच लिहा. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावरचा लेख अवश्य वाचा. गुळव्या काहिलीतल्या रसाच्या बुडबुड्यांवर डोळा ठेवून असतो. पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळवून बघतो आणि काहील उतरवायची वेळ सांगतो. शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्याला तोच रस, तीच वाफ दिसते, पण त्यातला तो क्षण दिसत नाही. वाचक, लेखक, चित्रकार, जाहिरातदार आणि विक्रेते, सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

आणि एक कळकळीचे सांगणे. घुबड एकाला लक्ष्मीचे वाहन वाटते, दुसऱ्याला अपशकुन. पहाटे दारावर येणारा पिंगळा जोशी पिंगळ्याच्या बोलण्यातून भविष्य सांगत आला. शेतातले उंदीर खाणारा सोबती म्हणून त्याच्याकडे पाहणारे शेतकरीही आहेत. पण गुप्तधनाच्या आणि करणीच्या नादाने पाहणाऱ्याच्या हाती ते लागले, तर ऐन दिवाळीच्या अमावास्येला त्याचा बळी जातो. या दिवसांत घुबडांची चोरटी विक्री वाढते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, विकणे, मारणे हा गुन्हा आहे. आपल्या गावात, बाजारात असा प्रकार आढळला, कोणी कानात येऊन ‘पक्षी आहे, हवा का’ असे विचारले, तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्याच दिवशी कळवा.