गुग्गुळ, ग्राही आणि संयोग

गुग्गुळाचा विषय निघाला की आपल्या परिषदांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आता आधुनिक विज्ञानानेही हे सिद्ध केले आहे.' या वाक्याचा अभिमान वाटण्याऐवजी आम्हांस काळजी वाटते.

१९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. सत्यवती यांनी सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या आधारे गुग्गुळाचे मेदोहर कार्य प्रयोगाने दाखविले. २००२ मध्ये गुग्गुलस्टेरोन हे एफएक्सआर या केंद्रकीय ग्राहीस रोखते, असे अमेरिकेत प्रसिद्ध झाले. परंतु २००३ मध्ये तेथीलच १०३ रुग्णांवरील आठ आठवड्यांच्या चाचणीत एलडीएल कमी न होता ४ ते ५ टक्के वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. यातील पहिले आपण फलकावर लिहितो, दुसरे विसरतो.

ग्राही म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. एफएक्सआर हा आरएक्सआर या दुसऱ्या ग्राहीशी जोडी करून डीएनएवर बसतो. पित्ताम्ल चिकटले की त्याचा आकार पालटतो व सहायक प्रथिने त्याच्याभोवती जमतात. या जुळणीमुळेच जनुकाचे कार्य वाढीस लागते. गुग्गुलस्टेरोन ही जुळणी रोखते. तरीही पित्तलवण यकृतपेशीबाहेर टाकणाऱ्या प्रथिनाचे जनुक पित्ताम्लांच्या सान्निध्यात त्याच्यामुळे अधिकच चेतते, असे आढळले. ग्राही तोच, द्रव्य तेच, कर्म मात्र जनुकागणिक निराळे.

चरकाचार्यांना हे ठाऊक होते, असा दावा आम्ही करणार नाही. मात्र एकेका द्रव्यात नसलेला विशेष संयोगात उत्पन्न होतो, हे विमानस्थानात शिकलेल्या वैद्यास हे आकळणे जड जाऊ नये. शोधित गुग्गुळाचा कल्प व त्याचा प्रमाणित अर्क यांना एकच मानणेही त्याच न्यायाने चूक ठरते.

याहून निकडीची गोष्ट अशी की, गुग्गुलस्टेरोन पीएक्सआर या ग्राहीसही चेतविते, आणि हा ग्राही अनेक औषधांचा निचरा करणारी यकृतातील यंत्रणा वाढवितो. प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांची रक्तातील मात्रा गुग्गुळाच्या अर्कासोबत घटल्याची नोंद १९९४ पासून उपलब्ध आहे. आपल्याकडे येणारे हृद्रोगी हीच औषधे घेत असतात.

म्हणून वैद्यबंधूंनी गुग्गुळकल्प देण्यापूर्वी रुग्णाच्या चालू गोळ्या विचाराव्यात व केसपेपरवर नोंदवाव्यात. औषधी दुकानदारांनी व निर्मात्यांनी तशी सूचना वेष्टनावर द्यावी. शास्त्राचा गौरव घोषणेने वाढत नाही. तो रुग्णाच्या सुरक्षिततेने वाढतो, असे आमचे नम्र मत आहे.