पायी चालणाऱ्यांच्या वतीने महापालिका आयुक्तांस अनावृत पत्र

मा. आयुक्त महोदय,

स्टेशन ते बाजारपेठ या रस्त्याच्या पदपथाविषयीचा आमचा अर्ज आपल्या कचेरीने ‘निकाली’ काढल्याचे कळले. पदपथ अर्थातच होता तेथेच, म्हणजे बव्हंशी कोठेच नाही. पथ विभागाने अर्ज अतिक्रमण विभागाकडे वर्ग केला, त्याने विद्युत विभागाकडे, विद्युत विभागाने उद्यान विभागाकडे, कारण वाटेत एक वृक्षही उभा आहे. उद्यान विभागाने तो पुनश्च पथ विभागाकडे धाडला. आणि अशा रीतीने आमच्या अर्जाने आपल्या इमारतीत जेवढी निर्वेध पायपीट केली, तेवढी आम्हांस या रस्त्यावर करता आली असती, तर हे पत्र लिहिण्याचा प्रसंगच उद्भवला नसता.

इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली पादचाऱ्यांसाठी घालून दिलेले निकष आपल्या अभियंत्यांस मुखोद्गत असतीलच: निवासी भागात निदान १.८ मीटर रुंद व २.२ मीटर उंच एवढी जागा चालण्यासाठी सर्वस्वी मोकळी असावी, बाजारपेठेत ती रुंदी २.५ मीटर असावी, आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरांहून अधिक नसावी. आता आमच्या रस्त्यावर या. औषधांच्या दुकानापाशी पदपथ गुडघ्याएवढा उंच आहे. कठड्याला धरून त्यावर चढावे, तो चार पावलांवर दार सताड उघडे असलेली विजेची डीपी. तिला वळसा घालावा, तो जाहिरात फलकाचा लोखंडी खांब. पुढे सोसायटीच्या फाटकासाठी पदपथ फोडून केलेला उतार, म्हणून उतरणे आले आणि लगोलग पुन्हा चढणे आले. त्यापुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक, ज्यांच्या एका टोकावर पाय पडताच दुसऱ्या टोकाखालचे गढूळ पाणी निऱ्यांपर्यंत उडते. ही कसरत ज्याला साधली, त्याला बँकेच्या वळणावर बक्षीस मिळते ते असे की, तेथे पदपथच संपतो, कारण तेथून आपले रस्ता रुंदीकरण सुरू होते.

मूळ गाऱ्हाणे हेच आहे. वाहतुकीची कोंडी फोडण्याच्या नावाखाली आपण पदपथ छाटला, आणि छाटलेल्या त्या पट्ट्यात आज वाहतूक नसून मोटारी उभ्या असतात, अहोरात्र आणि विनामूल्य. पायी चालणाऱ्याची जमीन आपण मोटारवाल्यास इनाम दिली, एवढाच या कोट्यवधींच्या कामाचा जमाखर्च. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद, मृतांमध्ये जवळजवळ पाचांत एक. बसच्या चाकाशेजारून म्हाताऱ्यांना आणि शाळकरी पोरांना चालावयास लावून आपण या आकड्यात भर घालण्याची तजवीज करीत आहात, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

फेरीवाल्यांकडे बोट दाखवू नका. त्यांना जागा नेमून देण्याचे काम २०१४ च्या कायद्याने आपल्याच पदरात टाकलेले आहे, आणि पथकाची गाडी आली की उठते ती भाजीवाली. डीपी आणि मोटार जागच्या जागी राहतात.

निधीचा अभाव ही सबब तर ऐकवतच नाही. चेन्नईच्या महापालिकेने २०१४ च्या धोरणान्वये वाहतुकीच्या खर्चातील किमान ६० टक्के वाटा पायी चालणारे व सायकलस्वार यांच्यासाठी राखण्याचे ठरविले. पुण्याने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केले आणि जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस पदपथ बांधून दाखविले. आपल्यापाशी काँक्रिटीकरणाला पैसा आहे, दुभाजकांच्या रंगरंगोटीला आहे, उद्घाटनाच्या मांडवाला आहे. १९४९ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ ने सार्वजनिक रस्त्यांचे बांधकाम आणि देखभाल हे आपले बंधनकारक कर्तव्य ठरविले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी वापरण्याजोगा पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे बजावले आहे. ‘पाहणी करून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हा आपला शेरा त्या निकालास पुरेसे उत्तर आहे काय?

याच रस्त्याच्या काँक्रिटीकरणाची निविदा आता निघणार आहे. तीत दोन्ही बाजूंच्या सलग पदपथाचा समावेश झाल्यावाचून तिच्यावर सही करू नये, आणि डीपी व फलकाचे खांब हलविण्याचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. उत्तर विभागाच्या नव्हे, आपल्या सहीने यावे. आणि ते लिहिण्यापूर्वी आपण मोजणीची फीत घेऊन स्टेशनपासून बाजारपेठेपर्यंत, मोटारीतून न उतरण्याचा परिपाठ एक दिवस मोडून, पायी यावे व जेथे जेथे १.८ मीटर मोकळी जागा आढळेल ती ठिकाणे त्या उत्तरात नमूद करावीत.

आपला,
एक करदाता पादचारी