गावी ये, होमस्टे काढ



वर्षभर एक वाक्य कानावर आदळत राहिलं. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या नाक्यावर, लग्नाच्या पंगतीत, स्टेशनवर कोकणकन्येची वाट बघताना. पुण्या-बंगळुरूत वीस-बावीस वर्षं आयटीत काढलेल्या कुणाची तरी नोकरी गेल्याचं कळतं, चार माणसं हळहळतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "त्यात काय, गावी यावं, होमस्टे काढावा. नाहीतर बाग आहेच." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तरीही या वाक्याचा मला संताप येतो. यंदाचं संपादकीय त्या संतापातूनच लिहितो आहे.

2025 मध्ये इतरही बरंच घडलं. जुलैत आपला सुवर्णदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेला. मे महिन्यात खगोलशास्त्रज्ञ जयंतराव नारळीकर गेले. त्याच महिन्यात पाऊस उतरला आणि शेवटचा हापूस झाडावर भिजला. मुंबई-गोवा महामार्ग याही गणपतीला पुरा झाला नव्हता.

पण माझं मन अडकलं ते 27 जुलैच्या बातमीत. टीसीएसने सुमारे 12 हजार माणसं, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या 2 टक्के, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यातली बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतली. कृत्रिम बुद्धिमत्तेने काम वाचलं म्हणून हे होत नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही म्हणून होतं, असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं. त्याआधी जूनपासून तिथे नियम आला होता: वर्षात 225 दिवस बिलेबल, म्हणजे ग्राहकाकडून पैसे मिळतील अशा कामावर, असायला हवं; बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, 35 दिवसांपेक्षा जास्त बसता येणार नाही.

या नियमात सर्वांत आधी सापडतो तो सॉफ्टवेअर आर्किटेक्ट. बाहेरच्या माणसाला त्याचं काम दिसत नाही. बँकेची किंवा विमा कंपनीची प्रणाली कशी बांधायची, माहिती कुठे साठवायची, एक भाग कोसळला तर बाकीचे कसे उभे राहतील, तीस वर्षांपूर्वीचा कोबोल भाषेतला कोड काढायचा की तसाच ठेवून भोवती नवं बांधायचं, हे तो ठरवतो. असे निर्णय प्रकल्पाच्या सुरुवातीला होतात. पुढची दोन वर्षं ग्राहक कंपनी त्याचे तास कशाला विकत घेईल? आपल्या आयटी कंपन्यांचा धंदा माणशी तासांवर उभा राहिला. खाली पुष्कळ स्वस्त पोरं, वर थोडे महाग जाणते. आता खालच्या पोरांचं बरंचसं काम यंत्र लिहून देतं, क्लाउड कंपन्या तयार आराखडे देतात आणि ग्राहक स्वतःचंच केंद्र भारतात उघडतो. मग महाग माणूस हिशेबात जड दिसू लागतो. अमेरिकेची वाटही अरुंद झाली. 19 सप्टेंबरला तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर 1 लाख डॉलरचं शुल्क लावलं.

कोकणाला हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत सर्वाधिक हात जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने पुरवले. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि पुढच्या काही वर्षांत इथल्या कित्येक घरांची मनीऑर्डर कायमची थांबली. तेव्हाही गावाने त्यांना हेच सांगितलं: परत या, शेती बघा. साचा ओळखणारे, सुताचा ताण बोटांनी जोखणारे ते लोक गावी आले. त्यांच्या हातातली विद्या कुणीही विचारली नाही, ती त्यांच्याबरोबर संपली. त्यांच्याकडे निदान कायद्याने 'कामगार' हे नाव होतं. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारा वगळला होता. पदाबरोबर असं काम अंगावर आलेल्या आर्किटेक्टकडे राजीनामा मागितला, तर त्याला त्या कायद्याचा आधार उरत नव्हता.

या आर्किटेक्ट मंडळींनाही एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्यातल्या अनेकांनी गेल्या दहा वर्षांत कोडची एक ओळ लिहिलेली नाही. बैठका, स्लाइड, अंदाजपत्रकं, पुन्हा बैठका. हात सुटला. 2024 मध्ये देशात बहुराष्ट्रीय कंपन्यांची 1,700 हून अधिक केंद्रं होती, त्यांत सुमारे 19 लाख लोक काम करत होते, आणि अनुभवी आर्किटेक्टला तिथे आजही मागणी आहे. पण ज्याला स्वतः बसून प्रणाली उघडता येते, यंत्राने लिहिलेल्या कोडमधली खोट दाखवता येते, त्याला. पन्नाशीत पुन्हा कीबोर्डवर बसण्यात कमीपणा नाही. यंदाच्या अंकाचा विषय 'कारागीर' आहे. आत होड्या बांधणाऱ्या सुतारांवर लेख आहे. वय झालं तरी वाकस त्यांच्या हातातून सुटलेली नाही. आर्किटेक्टही कारागीरच आहे असं मी मानतो, म्हणून हा विषय या अंकात.

आता आपल्याकडे येऊ. अशा जाणत्या माणसाची गरज आपल्या संस्थांनाही आहे. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत सुमारे 94 कोटी रुपये गेले. चोरांनी बँकेच्या खऱ्या स्विचला, म्हणजे कार्डाचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेला, बाजूला सारून खोटा स्विच उभा केला, आणि 28 देशांतल्या एटीएमवर बनावट कार्डांना तोच मंजुरी देत राहिला. जुलै 2024 च्या शेवटी सी-एज या सेवापुरवठादारावर खंडणीचा सायबर हल्ला झाला, तेव्हा सुमारे 300 लहान बँका पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरत्या तोडाव्या लागल्या. ग्राहक यूपीआय आणि एटीएमपुढे अडकले. यात बहुतेक सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. रिझर्व्ह बँकेने 2019 अखेर नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे चार स्तर ठरवून दिले. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 250 कोटींपर्यंत दंड आहे, आणि रुग्णांची माहिती संगणकात ठेवणारं लहान रुग्णालयही त्याच्या कक्षेत येतं. या संस्थांच्या संगणक व्यवस्थेचा आराखडा कोण तपासणार? विक्रेत्याने पाठवलेला मुलगा?

कॉलेजांचंही तेच. 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट उघडली: पीएच.डी. नको, क्षेत्रातला किमान 15 वर्षांचा वरिष्ठ अनुभव हवा, मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. रत्नागिरीत फिनोलेक्स अकॅडमी आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. इथली मुलं संगणकशास्त्र शिकतात, पण लाखो व्यवहारांचा भार पेलणारी प्रणाली स्वतः उभारलेला माणूस त्यांच्या वर्गात कितीदा उभा राहतो?

होमस्टे ज्यांना मनापासून काढायचा आहे त्यांनी खुशाल काढावा, त्यांना शुभेच्छा. पण वीस वर्षांची तंत्रविद्या घेऊन येणाऱ्याला चादरी मोजायला बसवणं ही जिल्ह्याची उधळपट्टी आहे. एकदा ती आपण गिरणी कामगारांच्या बाबतीत केली.

आपल्या वाचकांत पतपेढ्यांचे संचालक आहेत, बँकांचे अध्यक्ष आहेत, संस्थाचालक आहेत, डॉक्टर आहेत. दिवाळीला घरोघरी आयटीतली ही जाणती माणसं येतील. त्यांना फराळाला बोलवा, आपल्या संस्थेची संगणक व्यवस्था त्यांच्यापुढे उघडा, लेखी अहवाल मागा. आणि त्याचं मानधन ठरवूनच कामाला लावा. गावकीचं काम म्हणून फुकट करून घेऊ नका.