हायब्रीड गाडी, तवंदी घाट आणि उसाची बिनलाईटची ट्रॉली

कोगनोळी टोलनाक्यावर थोडा वेळ उभं राहिलं तरी बदल लक्षात येतो. पुण्या-मुंबईकडे निघालेली सात सीटर गाडी म्हणजे डिझेलच, असं समीकरण वर्षानुवर्षं होतं. आता त्याच आकाराच्या, पण रांगेत इंजिन बंद ठेवून आवाज न करता पुढे सरकणाऱ्या गाड्या दिसू लागल्या आहेत. बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या माणसाचं काम लांबचं असतं. मुलं पुण्यात नोकरीला, दवाखाना कोल्हापूर-मिरजेला, सरकारी काम बेंगळुरूला. चार्जिंगचा घोर नको आणि ॲव्हरेज डिझेलपेक्षा जास्त, म्हणून हायब्रीड काढायची, असा त्याचा सरळ हिशेब आहे.

हिशेब चुकीचा नाही, पण अर्धा आहे. हायब्रीड गाडी सर्वात जास्त पेट्रोल वाचवते ते शहराच्या गर्दीत. सीमाभागातला माणूस ती घेतो मात्र हायवेसाठी.

याचं कारण गाडीच्या रचनेतच आहे. ब्रेक मारला की गाडीचा वेग वाया न घालवता मोटर त्यातून वीज करते आणि छोट्या बॅटरीत साठवते. पुन्हा गाडी हलवताना तीच वीज वापरली जाते. सिग्नल, गर्दी, टोलची रांग, जिथे सारखं थांबावं आणि निघावं लागतं तिथे हा खेळ रंगतो. पण कागलच्या पुढे एकदा शंभरचा वेग धरला की ब्रेक क्वचितच लागतो, वीज तयार होत नाही, आणि बहुतेक वेळ पेट्रोल इंजिनच गाडी ओढतं. वेग 110-120 वर नेला की हवेचा रोध वाढतो आणि ॲव्हरेज आणखी उतरतं. इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रीडचा चाचणीतला आकडा लिटरला 23.24 किलोमीटर आहे. तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आहे, माणसं आणि सामान भरून एसी लावून पुण्याला निघालेल्या गाडीचा नव्हे.

बेळगाव-पुणे जाऊन-येऊन साधारण 680 किलोमीटर होतात. कंपनीच्या आकड्याने सव्वाएकोणतीस लिटर पेट्रोल लागेल. प्रत्यक्षात 17 चं ॲव्हरेज धरलं तर 40 लिटर. पावणेअकरा लिटरचा, म्हणजे एका फेरीत हजार-अकराशे रुपयांचा फरक झाला. तरीही एक गोष्ट हायब्रीडच्या बाजूने राहते. टाकी 52 लिटरची आहे, त्यामुळे बेळगावात फुल केलेली गाडी पुण्याला जाऊन परत येऊ शकते. पेट्रोल कर्नाटकात स्वस्त आणि हद्द ओलांडली की महाग, हे कागल-निपाणीच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

गाडी घेताना आणखी एक घोळ होतो. शोरूममध्ये 'हायब्रीड' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडर घ्या. एकाच गाडीत माइल्ड आणि स्ट्राँग असे दोन प्रकार मिळतात. माइल्डमध्ये मोटर इंजिनला नुसता हातभार लावते, गाडी एकट्या विजेवर चालत नाही. 27.97 हा जाहिरातीतला आकडा स्ट्राँगचा आहे. दोन्हींच्या किमतीत लाखांचा फरक पडतो आणि तो फरक भरून निघायला किती वर्षं लागतील ते फिरण्यावर ठरतं. समजा फरक 3 लाखांचा, साधी ऑटोमॅटिक 13 देते आणि हायब्रीड 19. वर्षाला 15 हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे साधारण 37-38 हजार रुपये वाचतील, म्हणजे वसुलीला आठ वर्षं. 30 हजार चालवणाऱ्याला चार. बॅटरीवर टोयोटाची हमी 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची आहे, तीही या हिशेबाशेजारी ठेवून बघावी.

घाटाचं गणित वेगळं. बेळगावहून गोव्याला चोर्ला घाटातून जाताना वेग चाळीस-पन्नासच्या पुढे जातच नाही. सारखी वळणं, सारखे ब्रेक. तिथे हायब्रीड खुलते. तवंदी घाट निपाणीकडे उतरताना मात्र एक गोष्ट ड्रायव्हरला माहीत हवी. बॅटरी छोटी असते, मोठ्या उतारावर ती लवकर भरते. भरली की मोटरचा ब्रेक कमी होतो आणि भार पुन्हा इंजिन व चाकांच्या ब्रेकवर येतो. काही हायब्रीड गाड्यांच्या गिअरमध्ये 'बी' अशी खूण असते, ती याचसाठी. तवंदीचा उतार अपघातांमुळे किती बदनाम आहे हे निपाणीकरांना ठाऊक आहे. तिथे ती खूण वापरायची सवय लावून घेतलेली बरी.

कर आणि पासिंग

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडला आता 40 टक्के, इलेक्ट्रिकला 5 टक्के. त्यावर राज्याचा रस्ता कर. कर्नाटकात 20 लाखांवरच्या पेट्रोल-डिझेल गाडीला 18 टक्के आणि त्या करावर 11 टक्के उपकर. हायब्रीडचे ग्राहकही आजवर हेच दर मोजत आलेत. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के. 25 लाखांच्या गाडीवर फरक पावणेदोन लाखांच्या घरात जातो. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला होता. कर्नाटकाचं विशेष म्हणजे हायक्रॉस आणि हायरायडर या गाड्या बेंगळुरूजवळच्या बिडदीत तयार होतात. कंपनीच्या नावातलं 'किर्लोस्कर'ही बेळगावचंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये याच गावात सायकलचं दुकान काढलं होतं.

मग कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच-09 पासिंग करून घेण्याचा मोह होतो. नंबरप्लेटवर एमएच असावं ही काहींची हौस वेगळी, तिचं कारण सीमाभागाला सांगायला नको. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 47 स्पष्ट आहे. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. आरटीओने अडवलं की वाचवलेला पैसा कर आणि दंडात जातो. दोन राज्यांत रोज ये-जा करणाऱ्या माणसासाठी मात्र कायद्यात वेगळी सोय नाही, आणि या एका प्रश्नावर इथल्या आमदार-खासदारांनी बोलायला हरकत नसावी.

रडारला दिसतं काय?

ॲव्हरेजपेक्षाही आता गाड्या विकल्या जातात त्या 'ॲडास'च्या नावावर. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ, पट्टा सोडला की इशारा, धडक होणार असं वाटलं की आपोआप ब्रेक. समोरच्या काचेमागे कॅमेरा असतो, काही गाड्यांत पुढे रडारही. होंडा सिटीच्या हायब्रीडमध्ये हे काम कॅमेराच करतो. हायक्रॉसमध्ये ही सोय फक्त सर्वात वरच्या, 30 लाखांच्या आसपास जाणाऱ्या मॉडेलमध्ये आहे. 'हायब्रीड घेतली म्हणजे ते आपोआप ब्रेकवालं आलंच' अशी समजूत अनेकांची असते. ती चुकीची आहे.

ज्यांच्याकडे ते आहे त्यांनीही रस्ता बघावा. सहापदरीकरणाची कामं चालू असलेल्या पट्ट्यात पांढरे पट्टे कधी पुसलेले, कधी जुने-नवे एकावर एक. वळवलेला रस्ता सिमेंटच्या ठोकळ्यांमधून जातो. तिथे पट्टा राखणारी यंत्रणा एकतर गप्प बसते किंवा स्टिअरिंगला भलत्याच दिशेने हिसका देते. शहाणे ड्रायव्हर कागल ते कऱ्हाड ती बंदच ठेवतात.

खरी परीक्षा गाळप हंगामात रात्री होते. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या वेगाने चाललेला असतो. मागे लाल लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि उसाचे शेंडे ट्रॉलीबाहेर लोंबत असतात. मागून येणारी गाडी शंभरच्या वेगात असली तर दोघांतलं अंतर सेकंदाला वीस मीटरहून जास्त कमी होतं. कॅमेऱ्याला गाडीची पाठ ओळखायला शिकवलेलं असतं. पाल्याने झाकलेली, दिवा नसलेली ट्रॉली ही त्याच्या दृष्टीने गाडी आहे की नाही, याची खात्री देता येत नाही. गाड्यांच्या माहितीपुस्तिकाही अंधार, पाऊस, धुकं आणि वेड्यावाकड्या आकाराच्या वाहनांबाबत सावध करतात. ते पान वाचतो कोण? आणि पहाटे हत्तरगी-संकेश्वर पट्ट्यात धुकं असतंच.

क्रूझ लावून पाय मोकळा सोडलेल्या ड्रायव्हरला ब्रेकपर्यंत पोचायला एरवीपेक्षा जास्त वेळ लागतो. मशीन बघतंय या भरवशावर लक्ष सुटतं आणि नेमकं तेव्हाच समोर ट्रॉली येते. मागे दिवा आणि रिफ्लेक्टर लावणं ट्रॅक्टरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. ऊस ज्या कारखान्याकडे चाललाय त्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली तिथे रिकामी करून न घेण्याचा नियम साखर कारखान्यांनी पाळला, तर पोलिसांच्या मोहिमेची वाट बघावी लागणार नाही. बेळगाव आणि कोल्हापूर दोन्ही जिल्ह्यांत हे करावं लागेल, कारण ऊस हद्द बघून जात नाही.

तोवर रात्री निपाणीच्या पुढे क्रूझ बंद, वेग ऐंशीच्या आत आणि पाय ब्रेकजवळ. ॲव्हरेजही याच वेगात सर्वात चांगलं मिळतं.