वात छोटी, आच मोठी

लखनौहून एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमानांच्या बदलीमुळे हे मराठी कुटुंब तीन वर्षांपासून गोमतीनगरात राहते. कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या कपाटात त्यांना एक जाडजूड डबी सापडली. वर काचेची छोटी टाकी, दर्शनी बाजूला आकडे दाखवणारा पडदा. मुलाला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, "आई, ही ई-सिगारेट आहे. डबी ८० वॅटची असली तरी वरची कॉइल फक्त १२ वॅटची आहे. आच कमी, म्हणजे अपाय कमी." भगिनी विचारतात, "याचे खरे मानायचे का? आणि आता करायचे काय?"

ताई, मुलाच्या बोलण्यात थोडे विज्ञान आहे आणि बरीचशी स्वतःची समजूत आहे. दोन्ही वेगवेगळी करून पाहू.

या डबीतले यंत्र आपल्या निरांजनासारखेच. टाकीत तेलाच्या जागी प्रोपिलीन ग्लायकोल व ग्लिसरीन यांचे मिश्रण असते, त्यात निकोटिन आणि सुवास घातलेला असतो. कापसाची वात हे द्रव शोषते. वातीभोवती बारीक तारेचे वेटोळे असते, तीच कॉइल. बटण दाबले की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते. चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचा पहिला नमुना तयार केला. तेव्हापासून डब्या बदलत गेल्या.

आता वॅटचे गणित. आपल्या घरातल्या वायरी हजारो वॅट पुरवू शकतात, तरी त्यांवर ५ वॅटचा दिवा सुखाने जळतो. कारण दाब ठरलेला असतो, २३० व्होल्ट. पण खांबावर न्यूट्रल तुटला आणि घरात ४०० च्या आसपास व्होल्ट आले, तर तोच दिवा क्षणात उडतो. म्हणजे मागे शक्ती किती आहे यापेक्षा वस्तूला दाब किती मिळतो, हे महत्त्वाचे. त्या अर्थाने मुलगा चूक नाही. ८० वॅटची डबी १२ वर ठेवली, तर ती १२ वॅटच देते.

गोम पुढे आहे. या डबीत दाब ठरलेला नसतो. पडद्यावर जितके वॅट मागाल, तितके मिळेपर्यंत ती व्होल्ट वाढवत जाते. समजा, कॉइलचा रोध १.२ ओहम आहे. १२ वॅटसाठी तिला ३.८ व्होल्ट पुरतात. खिशात बटण दाबले गेले किंवा मित्राने गंमत म्हणून आकडा ४८ वर नेला, तर डबी ७.६ व्होल्ट देऊ पाहते. दाब दुप्पट, उष्णता चौपट! ही कॉइल इतके सोसणार नाही, हे डबीला प्रत्येक वेळी कळतेच असे नाही.

मग काय होते? समईतले तेल संपले की वात काजळते, तेच. छोट्या टाकीची भोके बारीक असतात. तार जितक्या वेगाने द्रव उडवते, तितक्या वेगाने ते वातीपर्यंत पोहोचत नाही. कोरडा कापूस करपतो, द्रव जळू लागते. कढईतले तेल जास्त तापले की डोळ्यांना झोंबणारा धूर येतो ना? त्यात अॅक्रोलीन नावाचा पदार्थ असतो. ग्लिसरीन जास्त तापले तरी तोच तयार होतो, आणि तो सरळ फुप्फुसात जातो.

अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये यासंबंधी एक पत्र प्रसिद्ध केले. एकच यंत्र ३.३ व्होल्टवर चालवले, तेव्हा त्यांना वाफेत फॉर्माल्डिहाइडयुक्त घटक सापडला नाही. ५ व्होल्टवर मात्र सापडला. फॉर्माल्डिहाइड हे कर्करोगकारक आहे. यावर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला, की इतकी करपट वाफ माणूस ओढूच शकणार नाही, एका झुरक्यात थुंकून टाकेल. आक्षेप रास्त आहे. पण करपायला नुकती सुरुवात झाली आहे आणि वर आंब्याचा किंवा पुदिन्याचा भरपूर सुवास आहे, अशा वेळी जीभ दरवेळी इशारा देईल, याची खात्री कोणी द्यावी?

पडदा नसलेली, नुसत्या नळीसारखी यंत्रेही असतात. त्यांत दाबावर कसलेच नियंत्रण नसते. भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा. त्याला १.२ ओहमची कॉइल लावली, तर साडेतीन अँपिअर प्रवाह वाहतो. ०.१ ओहमची लावली, तर ४२ अँपिअर! अशा सेलची झेप साधारण २० ते ३० अँपिअरची. पुढे सेल तापतो, कधी फुटतो. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये २०१८ साली आणि टेक्सासमध्ये २०१९ साली ई-सिगारेटचा स्फोट होऊन एकेका तरुणाचा जीव गेला. सुटा सेल किल्ल्या किंवा नाण्यांसोबत खिशात ठेवणे हेही असेच घातक.

तुम्ही राहता ते लखनौ तर आच ओळखणाऱ्यांचे शहर. दमची हंडी खालीवर निखारे ठेवून मंद शिजवायची, हे तिथल्या खानसाम्यांचे कसब. हुक्क्याचेही तसेच. गुळाच्या पाकात मुरवलेल्या सुवासिक तंबाखूला निखारा थेट लागू नये, म्हणून चिलमीत मध्ये तवा ठेवण्याची रीत. आच सांभाळली की धूर मधुर होतो. पण मधुर झालेला धूर निर्दोष होत नाही. पाण्यातून आल्याने तो स्वच्छ होतो, ही समजूतही खोटीच. आपल्या शेजारच्या विजापूरहून असद बेगने १६०४ च्या सुमारास अकबराच्या दरबारात तंबाखू नेली. १६१७ मध्ये जहांगीरने तिच्यावर बंदी घातली. बंदीचे काय झाले, ते आज पानाच्या प्रत्येक टपरीवर दिसते.

तोच मुद्दा तुमच्या मुलाच्या डबीला लागू पडतो. वॅट कमी म्हणजे निकोटिन कमी, असे मुळीच नाही. उलट कमी वॅटच्या छोट्या टाक्यांत बरेचदा जास्त तीव्रतेचे द्रव भरतात. द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम निकोटिन असेल, तर २ मिलिलिटरच्या टाकीत ते ४० मिलिग्रॅम झाले. युरोपीय संघात २० हीच कमाल मर्यादा आहे. चोरट्या बाजारातल्या बाटलीवरचा आकडा खरा आहे, हे तपासणार कोण? शरीराला हवे तितके निकोटिन मिळेपर्यंत माणूस झुरके वाढवतो. सवय लागते ती निकोटिनची, वॅटची नव्हे. मेंदूची वाढ विशीच्या पुढेही चालू असते. त्या वयात लागलेली सवय सुटायला कठीण जाते.

मुलगा कदाचित इंग्लंडचा दाखला देईल. तिथले डॉक्टर सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना ई-सिगारेट सुचवतात, हे खरे. जळत्या तंबाखूपेक्षा तिच्यात विषारी पदार्थ कमी, हेही बहुतेक तज्ज्ञ मानतात. पण तो सल्ला आधीपासून सिगारेट ओढणाऱ्यांसाठी आहे. न ओढणाऱ्याने नव्याने सुरुवात करावी, असे तिथेही कोणी सांगत नाही. आणि २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसे निकामी होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले. मृतांची संख्या ६८ होती. त्यातले बहुतेक जण गांजाचा अर्क असलेले द्रव ओढत होते आणि मुख्य संशय त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर होता. बाटलीत काय आहे हे ठाऊक नसणे किती महागात पडते, ते यावरून कळावे.

आपल्याकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात, सारे गुन्हे ठरले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा बाळगणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी वेगळे कलम नाही. पण परदेशातून मागवणे किंवा मित्राला विकणे म्हणजे थेट कायद्याच्या कचाट्यात सापडणे. हे मुलाला जरूर सांगा.

आता घरातले. डबी खिडकीतून फेकू नका, चुलीत तर अजिबात घालू नका. सेल काढता येत असेल तर काढून त्याच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. द्रवाची बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेल्यास ते विष आहे, आणि त्वचेतूनही शरीरात शिरते.

मुलाशी बोलताना वॅटवरून वाद घालू नका, त्यात तो कदाचित जिंकेल. एवढेच विचारा, "ही दोन दिवस माझ्याकडे ठेवशील का?" त्याने हसत दिली आणि दोन दिवस बिनघोर गेले, तर वेळीच लक्ष गेले म्हणायचे. चिडचिड झाली, झोप उडाली, अभ्यासात लक्ष लागेना, तर सवय जडली आहे असे समजा. मग रागावून उपयोग नाही, मदत हवी. तंबाखू सोडवण्यासाठी १८००-११२-३५६ हा सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहे. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात श्वसनरोग विभागही आहे. खोकला, दम लागणे किंवा छातीत दुखणे असेल, तर तिथे दाखवायला उशीर करू नका.

आणि यजमानांनाही एक विनंती. ते स्वतः सिगारेट ओढत असतील, तर सोडण्याची सुरुवात त्यांनी मुलाबरोबरच करावी. बाप गॅलरीत धूर काढत असताना मुलाला वाफेचे तोटे सांगितले, तर ते पालथ्या घड्यावर पाणी.